कोल्हापुरात रेकॉर्डचे दुकान उभारताना: माळ्यावरच्या तबकडीपासून मैफलीपर्यंत

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले ते महाराजांच्या निधनापर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत. त्यांची ही ख्यालगायकी या शहरात इतकी वर्षे नांदली, तरी खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज एकाही व्यावसायिक तबकडीवर मिळत नाही. आज ती गायकी ऐकायची तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर आणि कोल्हापूरचे निवृत्तीबुवा सरनाईक यांच्या ध्वनिमुद्रणांकडे वळावे लागते. यांतल्या कितीतरी तबकड्या पेठांमधल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत आणि भंगाराच्या गोदामांत पडून असतात. कोल्हापुरात रेकॉर्डचे स्वतंत्र दुकान काढू पाहणाऱ्यासाठी हीच खरी जमीन आहे, आणि हा लेख त्या माणसासाठी लिहिला आहे.

मुंबईच्या काळा घोड्यावरचे ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले. अप्रतिम जागा, पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक आणि ऐकून पाहण्याची सोय एवढे सगळे असूनही केवळ गाण्याच्या प्रती विकून ते दुकान चालू शकले नाही, कारण गाणे आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. फोनमध्ये न मिळणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: ती विशिष्ट तबकडी, तिच्याविषयीची खात्रीशीर माहिती, आणि ती चार जाणकारांसोबत बसून चांगल्या यंत्रावर ऐकण्याची संधी. कोल्हापूरसारख्या शहरात दुकान उभे राहील ते या तीन गोष्टींवर. परदेशातून आलेल्या नव्या, चकचकीत एलपींनी (जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डनी) भरलेल्या मांडणीवर ते टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

आधी संग्रहाची दिशा ठरवा

भाड्याचा गाळा शोधण्यापूर्वी आपण काय ठेवणार आणि काय ठेवणार नाही, हे कागदावर लिहून काढावे. कोल्हापूरच्या दुकानाचा गाभा माझ्या मते चार प्रवाहांचा असावा. पहिला प्रवाह ख्यालगायकीचा, विशेषतः जयपूर-अत्रौलीचा, आणि त्याच्या जोडीला शेजारच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्याचा. दुसरा नाट्यसंगीताचा. गायक-नट केशवराव भोसले याच मातीतले, आणि शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तिसरा चित्रपटसंगीताचा. ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट इथेच तयार झाला. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे होते आणि नायकाची भूमिकाही त्यांचीच होती. सुधीर फडके यांचा जन्म कोल्हापूरचा आणि गीतकार जगदीश खेबूडकरांची कर्मभूमीही हीच. चौथा प्रवाह लावणी, पोवाडा, भजन आणि जत्रेतल्या गाण्यांचा. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या शहरात पोवाड्याच्या तबकडीला कोपऱ्यात ढकलून चालणार नाही.

हिंदी चित्रपटांच्या एलपी अर्थातच ठेवाव्या लागतील, कारण रोजची विक्री त्यांच्यावर चालते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या लोकप्रिय हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्ड मोठ्या संख्येने निघाल्या होत्या आणि त्या आजही सहज मिळतात. त्यांनी भाडे भागवावे आणि वरील चार प्रवाहांनी दुकानाची ओळख घडवावी. पाश्चात्त्य संगीत मागणीनुसार मागवून देता येते. त्यात सुरुवातीला भांडवल अडकवू नये.

कॅसेटकडे मात्र तुच्छतेने पाहू नये. १९८० नंतर लोकसंगीत, भजन आणि शाहिरी यांचा फार मोठा भाग छोट्या कंपन्यांनी कॅसेटवर काढला आणि त्यातला बराचसा पुढे कोणत्याही माध्यमावर आला नाही. एखाद्या भजनी मंडळाची एकच कॅसेट निघाली असेल, तर तिची उरलेली प्रत ही त्या आवाजाची शेवटची खूण असू शकते.

माल शोधणे

रेकॉर्डचा घाऊक बाजार कोल्हापुरात भरत नाही, त्यामुळे माल माणसांमार्फत शोधावा लागतो. चांगला संग्रह मिळण्याची ठिकाणे साधारणपणे अशी असतात: संगीतप्रेमी वकील, डॉक्टर आणि शिक्षकांची जुनी घरे, बंद पडलेल्या दुकानांचे माळे, एके काळी लाउडस्पीकर भाड्याने देणारे मंडपवाले, आणि भंगारवाले. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, सांगली, मिरज या गावांतही चौकशी करावी. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार हे पर्याय आहेतच, परंतु तिथे भाव माहितगार लोक ठरवतात आणि तिथून आणलेल्या मालाला कोल्हापूरची पार्श्वभूमी नसते.

मंडपवाल्यांकडच्या मालाविषयी एक सूचना आवश्यक आहे. लग्नात, जत्रेत आणि गणेशोत्सवात या तबकड्या शेकडो वेळा वाजलेल्या असतात, तेही बोथट पिनांवर. त्यांच्या खाचा राखाडी दिसू लागलेल्या असतात आणि वरच्या सुरात आवाज फाटतो. अशा संग्रहात लावणीची किंवा जुन्या मराठी चित्रपटगीताची दुर्मिळ तबकडी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून तो पाहायला जरूर जावे. मात्र ती वाजवून ऐकल्याशिवाय तिचा भाव करू नये.

घरगुती संग्रह घेताना व्यवहाराची रीत फार जपावी लागते. बहुतेक वेळा घरातले ज्येष्ठ गेल्यानंतर मुलासुनांनी निरोप पाठवलेला असतो. दारात उभे राहून ‘किती नग आहेत’ असे विचारण्याऐवजी सोबत छोटा प्लेअर न्यावा, आजोबांची आवडती रेकॉर्ड कोणती हे घरच्यांना विचारावे आणि ती लावून दाखवावी. त्यानंतर सगळा संग्रह घरातच बसून पाहावा, यादी करावी आणि त्यातल्या किमती तबकड्या कोणत्या हे मोकळेपणाने सांगावे. साध्या मालाचा एक घाऊक भाव आणि मोजक्या तबकड्यांचा प्रत्येकी वेगळा भाव, अशी मांडणी सर्वांना न्याय्य वाटते. चांगल्या दहा तबकड्या गुपचूप निवडून बाकीचा ढीग तिथेच सोडणारा खरेदीदार त्या गल्लीत पुन्हा बोलावला जात नाही, आणि कोल्हापुरात अशी बातमी एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायला वेळ लागत नाही.

तबकडीबरोबर तिचे जुने कागदी पाकीटही घ्यावे, मग ते फाटलेले का असेना. त्यावर पुष्कळदा मूळ विक्रेत्याचा शिक्का किंवा चिठ्ठी असते: दुकानाचे नाव, पेठ, कधी तारीख. अशा शिक्क्यांची छायाचित्रे जमवत गेल्यास कोल्हापुरात कोणकोणत्या काळी ग्रामोफोनची दुकाने कुठे होती, याचा नकाशा आपोआप तयार होतो. हे काम दुसरे कोणी करणार नाही, म्हणून ते दुकानदाराने पहिल्या दिवसापासून करावे.

तबकडी ओळखणे

नव्या माणसाने आधी हातात घेऊन फरक शिकावा. लाखेची तबकडी जड, कडक आणि ठिसूळ असते. दहा इंची तबकडीचे वजन साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि ती फरशीवर पडली की फुटते. ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गतीने वाजते आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावते. विलंबित ख्यालाचा सगळा विस्तार सोडून रागाचे सार या तीन मिनिटांत मांडण्याची जी कला त्या पिढीने साधली, ती नीट ऐकणे हेच एक शिक्षण आहे. व्हिनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची, तबकडी हलकी आणि लवचीक असते. बारा इंची एलपी ३३⅓ फेऱ्यांवर चालते, तर सात इंची छोट्या रेकॉर्ड बहुधा ४५ वर. भारतात लाखेच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे ७८ ची तबकडी दिसली म्हणजे ती स्वातंत्र्यपूर्व काळातलीच असेल, असे समजू नये.

लेबलवर कंपनीचे नाव, कलावंत, रागाचे किंवा नाटकाचे नाव आणि सूचिक्रमांक असतो. त्याखेरीज लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात दाबलेला किंवा कोरलेला एक क्रमांक सापडतो. तो त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. एकच गाणे पुन्हा बाजारात आणताना सूचिक्रमांक बदलला जाई, मात्र मुद्रण तेच असेल तर हा क्रमांक कायम राहतो. म्हणून नोंदवहीत दोन्ही क्रमांक लिहावेत. एच.एम.व्ही., ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया अशी लेबले कोल्हापूरकडच्या संग्रहांत भेटतात, आणि नाट्यसंगीतासाठी तर यांतले प्रत्येक लेबल तपासून पाहण्यासारखे आहे.

स्थिती ठरवताना तबकडी एका तिरप्या दिव्याखाली धरावी. ओरखडा नखाला लागतो का, कडेला तडा आहे का, लेबलाच्या भोकाभोवती यंत्राच्या मधल्या दांड्याच्या धडपडीच्या रेघा किती आहेत, सपाट काचेवर ठेवल्यास ती डगमगते का, हे क्रमाने पाहावे. बारीक तडा खाचांपर्यंत गेला असेल तर प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज येणार. तो कोणत्याही स्वच्छतेने जात नाही. दिसणारी स्थिती आणि ऐकू येणारी स्थिती वेगळ्या लिहाव्यात. चकाकणारी तबकडी घासलेली निघू शकते आणि मळकट दिसणारी धुतल्यावर सुरेख वाजू शकते.

स्वच्छता: इथे घाई करू नये

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा कोणतेही अल्कोहोलयुक्त द्रावण कधीही लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. बाजारात मिळणारी अनेक तयार द्रावणे व्हिनाइलसाठी असतात. बाटलीवर अल्कोहोलचा उल्लेख असेल तर ती ७८ च्या कपाटापासून दूर ठेवावी. लाखेच्या तबकडीसाठी शुद्ध केलेले, म्हणजे बॅटरीत घालतात तसे डिस्टिल्ड पाणी आणि त्यात सौम्य, सुगंधविरहित द्रवसाबणाचे एक-दोन थेंब पुरेसे आहेत. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवावा, लेबल कोरडे ठेवावे, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे आणि तबकडी उभी ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावी. तिला पाण्यात भिजत ठेवू नये. काही जुन्या तबकड्यांच्या आत कागदाचा थर असतो आणि तड्यातून पाणी शिरले की तो फुगतो. वाळवण्यासाठी उन्हात तर मुळीच ठेवू नये, कारण लाख आणि व्हिनाइल दोन्ही उन्हाने वाकडे होतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या संग्रहाला पांढरी बुरशी धरलेली असते. असा माल दुकानात आणण्यापूर्वी गॅलरीत किंवा अंगणात, नाकातोंडाला मास्क लावून, कोरड्या ब्रशने झाडावा आणि मगच धुवावा. बुरशी लागलेली जुनी पाकिटे तबकडीवर पुन्हा चढवू नयेत. शिक्क्याचे छायाचित्र घेऊन ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत आणि तबकडीला नवे, आम्लविरहित कागदाचे पाकीट द्यावे.

वाजवण्याची यंत्रणा

दुकानात निदान एक टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र) असे हवे की ज्यावर ३३⅓, ४५ आणि ७८ या तिन्ही गती मिळतात आणि गती थोडी कमीजास्त करता येते. त्यासाठी दोन स्टायलस, म्हणजे सुया, ठेवाव्या लागतात. एलपीची खाच बारीक असते आणि तिला सुमारे एक सहस्रांश इंच किंवा त्याहून कमी त्रिज्येचे टोक लागते. ७८ ची खाच रुंद असते आणि तिला सुमारे तीन सहस्रांश इंचाचे टोक लागते. एलपीच्या सुईवर ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात फिरते आणि फक्त खरखर ऐकू येते. सुईचा भार एलपीसाठी बहुधा दीड ते अडीच ग्रॅम आणि ७८ साठी तीन ते पाच ग्रॅमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बनवणाऱ्याने दिलेला पाळावा आणि छोट्या वजनकाट्यावर तपासून घ्यावा.

चावीचा, भोंग्याचा ग्रामोफोन दुकानात जरूर असावा, कारण लहान मुले आणि आजीआजोबा दोघेही त्याच्यापाशी थांबतात. त्यावर केवळ सामान्य, जादा प्रती असलेल्या लाखेच्या तबकड्याच वाजवाव्यात आणि स्टीलची पिन प्रत्येक बाजूनंतर बदलावी. भोंग्याच्या यंत्राचा भार आधुनिक यंत्राच्या कितीतरी पट असतो; त्यावर एलपी लावली तर एकाच वेळेत तिचा नाश होतो.

गतीचा प्रश्न ख्यालगायकी ऐकणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. विद्युत ध्वनिमुद्रण, म्हणजे मायक्रोफोनने होणारे, १९२५ पासून सुरू झाले. त्यापूर्वीच्या भोंग्यात गायलेल्या तबकड्यांची गती एकसारखी नव्हती. ठरावीक ७८ वर लावल्यास कधी गायकाचा आवाज पट्टीपेक्षा वर जातो, लय धावते आणि तान कृत्रिम वाटते. प्रथम यंत्राची गती तपासावी: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ७७ रेघांची स्ट्रोबची चकती (गती तपासण्यासाठी यंत्रावर फिरवायची, रेघा आखलेली चकती) साध्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात स्थिर दिसली की गती ७८ च्या अगदी जवळ आहे असे समजावे; एलपीसाठी १८० रेघांची चकती लागते. पुष्कळ एलईडी दिव्यांच्या प्रकाशात ही युक्ती चालत नाही. त्यानंतर साथीच्या हार्मोनियमचा षड्ज आजच्या कोणत्या पट्टीजवळ बसतो ते पाहावे आणि त्याच कलावंताच्या नंतरच्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करावी. जुन्या पेट्यांची जुळणी आजच्यापेक्षा वेगळी असू शकते, त्यामुळे हा पुरावा अंतिम नाही. तरी कानावर विश्वास असणारा गायक शेजारी बसवला तर योग्य गती बहुतेक वेळा सापडते. हे काम गायन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत केले तर तोच एक सुंदर वर्ग होतो.

जागा आणि पावसाळा

महाद्वार रोड किंवा राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरचा गाळा मोहात पाडतो, परंतु रेकॉर्डचा ग्राहक रस्त्यावरून जाताजाता आत शिरणारा नसतो. तो ठरवून येतो. खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृहाचा परिसर, जिथून १८८३ साली स्थापन झालेली गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्थाही जवळ आहे, तो मला दुकानासाठी सर्वांत योग्य वाटतो, मग जागा आतल्या गल्लीत का असेना. दुकान पहिल्या मजल्यावर असेल तर उत्तम. भाडे कमी पडते, रस्त्याचा गोंगाट कमी येतो आणि पाण्याची भीती राहत नाही.

पाण्याचा विचार इथे ऐच्छिक नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर शहराने पाहिले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. शाहूपुरीचा सखल भाग, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या बाजूला तळमजल्याचा गाळा घेण्याआधी २०१९ साली त्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत आले होते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारावे. पुराचे पाणी ओसरल्यावर तबकडी धुता येते, पण लेबले, कव्हर आणि पाकिटे जातात, आणि त्यांच्याबरोबर तिची सगळी ओळख जाते. इशारा पातळी जाहीर होताच खालच्या दोन फळ्या रिकाम्या करायच्या, हा नियम लिहून भिंतीवर लावावा.

मांडणी मजबूत लाकडाची किंवा लोखंडी चौकटीची असावी. शंभर एलपी कव्हरांसह वीस-पंचवीस किलोंच्या घरात भरतात आणि लाखेच्या तबकड्या त्याहून जड होतात. तबकड्या नेहमी सरळ उभ्या ठेवाव्यात, दर वीतभर अंतरावर आधाराची फळी द्यावी, आणि मांडणी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. जून ते सप्टेंबर या काळात आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र दुकानात असणे आवश्यक आहे.

भाव, नोंदवही आणि जांगड

जुनी म्हणजे महाग, हा समज विकणारे आणि घेणारे दोघेही बाळगतात. किंमत ठरते ती मागणी, दुर्मिळता आणि स्थिती या तिन्हींच्या एकत्र विचाराने. डिस्कॉग्ससारख्या संकेतस्थळावर एखादी रेकॉर्ड प्रत्यक्ष किती किमतीला विकली गेली, याचा इतिहास पाहता येतो. मागितलेल्या किमतीकडे दुर्लक्ष करून विकलेली किंमत पाहावी. मराठी नाट्यगीते आणि लावण्यांच्या तबकड्यांच्या नोंदी तिथे अपुऱ्या आहेत, आणि तिथेच तुमचा स्वतःचा अभ्यास उपयोगी पडतो. प्रत्येक तबकडीवर किंमत आणि स्थिती स्पष्ट लिहिलेली असावी. गिऱ्हाईक पाहून भाव सांगणारे दुकान या व्यवसायात विश्वास गमावते.

प्रत्येक नगाची नोंद करताना कलावंत, गीत, राग किंवा नाटक, दोन्ही क्रमांक, स्थिती, कुठल्या गावातून आली आणि पाकिटावरचा शिक्का हे रकाने ठेवावेत. विकणाऱ्या कुटुंबाचे नाव मात्र त्यांच्या संमतीशिवाय बाहेर सांगू नये. या नोंदवहीची एक प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या इमारतीत किंवा संगणकीय साठ्यात असलीच पाहिजे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग ज्यांनी पाहिली, त्यांना याचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्यांना संग्रह एकदम विकायचा नाही, त्यांच्याकडून माल जांगडीने, म्हणजे विकला गेल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर, घ्यावा. विक्री झाल्यावर किती टक्के मालकाला आणि किती दुकानाला, माल किती महिने ठेवायचा, फुटला तर भरपाई कोणी द्यायची, हे लेखी पावतीवर असावे आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हिशेब चुकता करावा. कमी भांडवलात दुकान सुरू करणाऱ्याला जांगड हाच सर्वांत मोठा आधार आहे.

ऐकण्याची बैठक

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून द्यावी आणि ती काहीही झाले तरी मोडू नये. सतरंजी, वीस माणसांची जागा, एक टर्नटेबल, दोन बरे स्पीकर एवढ्यावर बैठक सुरू होते. कार्यक्रम छोटा ठेवावा. लाखेच्या तबकड्यांचा एक मोठा फायदा असा की एका तासात एकच राग पाच गायकांच्या आवाजात ऐकवता येतो आणि मधे बोलायलाही वेळ उरतो. एका बैठकीत केसरबाई आणि मोगूबाई यांची बोलअंगाची आणि तानेची मांडणी शेजारी-शेजारी ठेवावी. दुसऱ्या बैठकीत एकच नाट्यपद वेगवेगळ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर ऐकावे. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली, हे सांगून ती लावली की शाळेतली मुलेही शांत बसतात.

प्रत्येक बैठकीला एक जाणकार बोलावावा, पण त्याला भाषण करू देऊ नये. तबकडी संपल्यावर दोन मिनिटे त्याने काय ऐकले ते सांगावे, इतकेच. देवल क्लबमधले शिकणारे विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठाच्या संगीत व नाट्यशास्त्र विभागातले अध्यापक, जुन्या ऑर्केस्ट्रातले ॲकॉर्डियन आणि बाजावाले, तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेले कलाकार, हे सगळे या शहरात आहेत. झांज पथकातला किंवा हलगीवर कडकडाट करणारा तरुण आणि ख्याल शिकणारी मुलगी एका सतरंजीवर बसण्याचे प्रसंग कोल्हापुरात एरवी फारसे येत नाहीत. दुकानाने ते मुद्दाम घडवून आणावेत. हलगीवाल्या पोरांना जुन्या लावणीतली ढोलकी ऐकवली की ती तबकडी तीन वेळा पुन्हा लावायला सांगतात, आणि अशा संध्याकाळी विक्री झाली नाही तरी चालते.

जगभर स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा दिवस २००८ पासून एप्रिलमध्ये साजरा होतो. आपल्या दुकानाने स्वतःचा वार्षिक दिवस निवडावा. अल्लादिया खाँसाहेबांची पुण्यतिथी १६ मार्चला येते, तेव्हा पाऊस नसतो आणि परीक्षा संपत आलेल्या असतात, म्हणून ती मला सोयीची वाटते.

कायद्याची बाजू

मोजकेच कामगार असलेल्या दुकानाला महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लोक तिलाही सवयीने गुमास्ताच म्हणतात. जीएसटीची नोंदणी मालाच्या विक्रीसाठी वार्षिक उलाढाल ४० लाखांपुढे गेल्यावर लागते, पण राज्याबाहेर माल विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी ती घ्यावी लागते. रेकॉर्ड पुण्यापेक्षा बेळगावला जास्त जाण्याची शक्यता लक्षात घेता हे आधीच कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

हक्कांचा भाग अधिक नाजूक आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली निघालेल्या तबकडीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. गीत आणि संगीतरचना यांचा हक्क मात्र रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे राहतो. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, त्यामुळे त्यांच्या रचना मुक्त झाल्या आहेत. जगदीश खेबूडकर २०११ साली गेले, त्यामुळे त्यांची गीते २०७१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. जुनी तबकडी विकण्यास कोणताही अडथळा नाही. तिची संगणकीय प्रत करून विकणे किंवा सार्वजनिक बैठकीत वाजवणे वेगळे, आणि हक्क शिल्लक असेल तर त्यासाठी हक्कधारकांचा किंवा त्यांच्या संस्थांचा परवाना लागतो. बैठकीच्या कार्यक्रमाची यादी आधी तयार करून प्रत्येक तबकडीचे वर्ष आणि रचनाकारांच्या निधनाचे वर्ष तपासले तर नेमका कुठे परवाना हवा ते स्पष्ट होते.

आजच्या कलावंतांसाठी कोपरा

जुन्या तबकड्यांचे दुकान हळूहळू स्मृतिमंदिर होऊन बसण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी दर्शनी भागातील एक मांडणी शहरातल्या आजच्या कलावंतांसाठी राखावी: रॅप करणारी पोरे, भजनी मंडळे, सुगम संगीत गाणाऱ्या मुली, बेंजो पथके, प्रायोगिक नाटकांना संगीत देणारे तरुण. नवी व्हिनाइल काढायची तर कारखाने साधारणपणे काही शेकडा प्रतींची मागणी करतात आणि तो खर्च नवख्याला पेलत नाही. त्याऐवजी छापील कव्हर, गीतांची पुस्तिका आणि आत गाणी उतरवून घेण्याचा संकेतक्रमांक, अशा स्वरूपात छोटी आवृत्ती काढता येते. तीही जांगडीने ठेवावी, आणि कलावंताचा वाटा सर्वांत आधी द्यावा.

दुकानात चांगला ध्वनिग्राहक असेल तर महिन्यातून एकदा बैठकीतच प्रत्यक्ष गाणे ध्वनिमुद्रित करावे: एक गायक, एक साथीदार, तीन मिनिटे, एकच प्रयत्न, लाखेच्या तबकडीच्या मर्यादेत. गायकाची लेखी संमती घ्यावी, हक्क त्याच्याकडेच ठेवावेत आणि तारीख, स्थळ, पट्टी, साथीदार यांची नोंद जुन्या तबकड्यांच्याच नोंदवहीत, त्याच रकान्यांत, पुढच्या क्रमांकाला करावी.